त्रेपन्न गोल

२४ ऑगस्ट २०११

"लोर्ना, दिवा लावू नकोस, मी इथेच आहे." ओरेस्ट हे म्हणाला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि त्याच्या जेवणाची थाळी घेऊन तळघराच्या जिन्यावर उभी होते. भर दुपार होती. वर स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं. त्यानं तळघराच्या एकुलत्या एका खिडकीला घोंगडी लावली होती. मी थाळी शेवटच्या पायरीवर ठेवली आणि वर आले. त्यानंतर दोन आठवड्यांनी माझा भाऊ गेला. त्याचा आवाज आता मला नीट आठवत नाही. वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं.

आज सकाळी तीच खोली झाडली, पलंगावर नवी चादर घातली. यंदाचं पोरगं आलं. ग्लेन आणि मी गेली अकरा वर्षं बॅजर्स ह्या आइस हॉकी संघातल्या पोरांना घरी ठेवतो. गावातली वीसेक घरं ठेवतात. पोरं सोळा-सतराची असतात, आईबाप कुठे लांब असतात, कुणीतरी त्यांना जेवू घालायला हवं. आम्हांला मूल नाही, हे कारण मी कधी सांगत नाही.

ह्याचं नाव रेमी डेजार्ले. सोळा वर्षांचा. उत्तरेला तळ्याकाठच्या कुठल्याशा गावातला. आई, यवॉन, नऊ तास ट्रक चालवत त्याला घेऊन आली. मूस हरणाचं सुकवलेलं मांस, बॅनकच्या सहा जाड भाकऱ्या, लोकरीचे मोजे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा काही झालं तरी सांगत नाही. दोनदा विचारायचं. पहिल्यांदा खोटंच बोलतो."

संध्याकाळी तो वर आला. "मिसेस फ्रिजन, ब्रेड भाजायचं कुठंय?"

"मिसेस फ्रिजन माझी सासू. मला लोर्ना म्हण."

"मोठ्यांना नावानं हाक मारली तर आई कान उपटते."

"मग काय म्हणशील?"

त्यानं ब्रेडला लोणी लावता लावता विचार केला. "बॉस," म्हणाला.

ग्लेन पेपरमागे हसला. "बरोबर घर ओळखलंस."

३१ ऑगस्ट

आज पोरांची डोक्याची चाचणी. रिंकवरच्या ऑफिसात एकेकाला संगणकासमोर बसवतात, आकृत्या दाखवतात, शब्द लक्षात ठेवायला लावतात. मोसमाच्या आधी एकदा घेतात आणि डोक्याला मार लागला तर पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे जुळले की पोरगं खेळायला मोकळं.

सकाळी नाश्त्याला रेमीनं विचारलं, "बॉस, पोरं म्हणतात, आज मुद्दाम हळू द्यायची. चारपाच चुका करायच्या. म्हणजे पुढे काही झालं तर आकडा जुळतो, बाहेर बसावं लागत नाही. देऊ का तशी?"

ह्या टेबलाशी बसून नऊ पोरांनी मला हेच विचारलं असेल. ह्या गावात ते कुणालाच नवीन नाही. मी अंडी परतत होते. "सगळेच देतात," म्हणाले. "फक्त अगदी मठ्ठ वाटशील इतकी वाईट देऊ नकोस."

"त्याची काळजी नको. मठ्ठच आहे मी."

दुपारी परत आला तो हसतच. ट्रेनरनं विचारलं म्हणे, शाळेत नापास होतोस का रे?

१ ऑक्टोबर

चार सामन्यांत सहा गोल. मी एवढी वर्षं पोरं पाहतेय, पण असं पोरगं नाही पाहिलं. तो जोरात पळतोय असं वाटतच नाही. इतर सगळे पकच्या, त्या रबरी चकतीच्या, मागे धावतात, हा पक जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

रोज सकाळी सातला तळघरातून आवाज येतो. लाकडी चेंडू, स्टिक, सिमेंटची फरशी. टक, टक-टक, टक. ग्लेन म्हणतो, तुला त्रास होतो का, मी त्याला गॅरेजमध्ये जागा करून देतो. मी म्हटलं, नको. हा आवाज एकतीस वर्षांनी ह्या घरात नीट येतोय. आधीची पोरं पण मारायची चेंडू, पण त्यांना ताल नव्हता.

२३ ऑक्टोबर

गाव वेडं झालंय. बेकरीत त्याच्या एकोणीस नंबरच्या शर्टाची बिस्किटं. दुसरीतल्या दोन मुली खिडकीशी नाक लावून उभ्या होत्या, मी दार उघडलं तर एक म्हणाली, "डेझी जेवतो का?" पोरं त्याला डेझी म्हणतात, डेजार्लेचं डेझी. फुलाचं नाव पडलं म्हणून बिचारा आधी लाजायचा.

"जेवतो," मी म्हटलं. "मटार सोडून."

रिंकमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर विक्रमांचा फळा आहे. आज लोक त्याच्यासमोर उभे राहून बोटं मोजत होते. पहिल्या मोसमात सर्वांत जास्त गोल: ओरेस्ट ह्रिसाक, ५३. चौतीस वर्षं ते नाव तिथे आहे. मी त्याच्याकडे बघत नाही, इतकी सवय झालीय. आज बघितलं. 'ह'चा रंग उडालाय.

रेमीनं गाडीत विचारलं, "ह्रिसाक तुमचा कोण, बॉस? पोरं म्हणतात, तुमचा भाऊ."

"हो."

"कुठे असतात?"

"नाही तो. अठरा वर्षांचा असताना गेला. ट्रक घसरला." घरात असंच सांगतात, मीही असंच सांगते. फेब्रुवारी महिना, क्रॉसिंगजवळचा उतार. त्या आठवड्यात बर्फ पडलं नव्हतं.

त्यानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "तो विक्रम मी मोडला तर तुम्हांला वाईट वाटेल?"

"वेडा आहेस का? मीच टाळ्या वाजवीन."

आता लिहिताना स्वतःला विचारतेय, खरंच वाजवीन का? वाटतं वाजवीन. साधारण.

१० डिसेंबर

सत्तावीस गोल झाले. सत्ताविसावा आज.

दुसऱ्या भागात त्याला कोपऱ्यात जोरात मार बसला. हेल्मेट काचेवर आपटल्याचा आवाज आम्ही बसलो होतो तिथवर आला. तो लगेच उठला. उठला आणि समोरच्या संघाच्या बेंचवर जाऊन बसला. त्यांच्या पोरांनी त्याला सरकून जागा दिली. सगळं रिंक हसलं, मीही हसले. ट्रेनर कर्टनं त्याला आत नेलं, दहा मिनिटांनी परत आणलं. तिसऱ्या भागात त्यानं गोल केला.

घरी येताना म्हणाला, "ती जागा गरम होती, बॉस. पुढच्या वेळी पण तिथेच बसीन."

१२ डिसेंबर

चाचणी पुन्हा घेतली. आकडे जुळले. खेळायला मोकळा.

१९ डिसेंबर

पोरं ह्या वयात विचित्र वागतात. दूध कपाटात सापडलं, प्लेट फ्रिजमध्ये. जेवताना टोपी डोळ्यांवर ओढून बसतो, मी म्हटलं, टेबलावर टोपी चालत नाही आपल्याकडे, तर म्हणाला, बल्ब फार मोठा आहे. ग्लेननं बल्ब बदलला. एखादी मुलगी असेल. बेकरीतली ती तांबड्या केसांची असेल तर मला चालेल.

शाळेचं वाचायचा त्याला कंटाळा येतो. अक्षरं हलतात म्हणतो. आता दुपारी जेवणानंतर मीच त्याला इतिहासाचा धडा वाचून दाखवते. तो डोळे मिटून कोचावर पडतो, पाय माझ्या बाजूला. काल वाचता वाचता मला जाणवलं, की मी सावकाश वाचतेय, धडा संपू नये म्हणून.

६ जानेवारी

आमचा जुन्या कॅलेंडरचा नाताळ. बारा पदार्थ, मांस नाही, दूध नाही. बीटचं सूप, बटाट्याचे आणि कोबीचे पेरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, गहू-मध-खसखशीची खीर. आईला वृद्धाश्रमातून आणलं. टेबलावर नेहमीसारखं एक ताट जास्तीचं मांडलं, गेलेल्यांचं. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

रेमी खाली चेंडू मारत होता. आईनं कान टवकारले. मला म्हणाली, "ओरेस्ट अजून खालीच? म्हणावं, सूप निवतंय."

ग्लेननं माझ्याकडे पाहिलं. मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली. रेमी वर आला, आणि मी काही म्हणायच्या आत आईनं त्याची बाही धरून त्याला त्या ताटावर बसवलं. "इथे बस. तुझीच जागा आहे."

"आई, ते ताट..."

"असू दे, बॉस," रेमी म्हणाला. "मला कुठेही चालतं." त्याला काय माहीत.

आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "डोकं दुखतंय का रे अजून?"

"हो," तो म्हणाला. "थोडं. रोज."

"उलट्या?"

"थांबल्या आता."

"मी तुझ्या वडिलांपाशी बोलले नाही," आई कुजबुजली. "तुला बसवून ठेवतील. मी कुणालाच नाही सांगितलं, काळजी करू नकोस. खा."

तो खाली मान घालून सूप पीत राहिला. मग सगळ्यांनी खीर खाल्ली. आईला सोडायला जाताना गाडीत ग्लेन म्हणाला, "म्हातारी काय काय बोलते." मी म्हटलं, हो, बडबडते. मी दोनदा विचारलं होतं रेमीला, डिसेंबरात. दोन्ही वेळा 'नाही' म्हणाला होता. आईला खरं सांगितलं, कारण ती दुसऱ्याच कुणाला विचारत होती.

७ जानेवारी

झोप नीट लागली नाही. उद्या बोलेन त्याच्याशी.

१५ जानेवारी

बोललं गेलं नाही. चौतीस गोल. टीव्हीवाले आले होते, दोन तासांवरच्या शहरातून. मुलाखत आमच्या कोचावर. त्यांनी विचारलं, एवढ्या लहान वयात एवढं नाव, कसं वाटतं? तो म्हणाला, छान वाटतं, सगळं श्रेय संघाला. त्यांनी विचारलं, घरची आठवण येते? तो म्हणाला, छान वाटतं, सगळं श्रेय संघाला. टीव्हीवाली हसली, मला म्हणाली, "आत्तापासूनच तयार उत्तरं देतोय, मोठा खेळाडू होणार."

मी त्यांच्यासाठी केक केला होता.

२९ जानेवारी

काल परत एकदा आपटला, फार जोरात नाही. चाळिसावा गोल त्याच सामन्यात. आज सकाळी चेंडूचा आवाज आला नाही. मी सात वाजता हातात कप धरून उभी राहिले. सव्वासात. साडेसात. फ्रिजचा आवाज तेवढा.

वर आला तेव्हा म्हणाला, विश्रांतीचा दिवस आहे, बॉस.

दुपारी बाथरूममध्ये ओकल्याचं ऐकलं. म्हणाला, बसमधलं चिकन. बाकी कुणाला काही झालेलं नाही, मी दोन घरांत फोन करून विचारलं.

१४ फेब्रुवारी

शाळेतून लवकर आला, सरळ खाली गेला. चारच्या सुमारास मी त्याच्यासाठी पेरोही तळले, कांदा घालून, आणि थाळी घेऊन जिना उतरले. खिडकीला घोंगडी होती. पलंगावरची, चांगली निळी. मी भिंतीवरचं बटण चाचपलं.

"बॉस, दिवा लावू नका," तो म्हणाला.

मी थाळी कुठे ठेवली आठवत नाही. मी शेवटच्या पायरीवर बसले. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी श्वास मोजत होते आणि माझ्या मनात येत होतं, आता वर जायचं नाही. गेल्या वेळी वर गेले होते.

शेवटी तोच म्हणाला, "काय झालं? रडताय का?"

"किती दिवस दुखतंय?"

"नाही दुखत."

"रेमी, किती दिवस?"

"बेंचवर बसलो होतो ना, तेव्हापासून. कुणाला सांगू नका. मोसमाचे बाराच दिवस राहिलेत, मग बरं वाटेल. मग उन्हाळा आहे." बारा म्हणाला. महिना राहिलाय.

१५ फेब्रुवारी

ग्लेनला सांगितलं. तो हातातल्या फडक्याची घडी घालत उभा राहिला, उलगडली, पुन्हा घातली.

"सत्तेचाळीस झालेत त्याचे," म्हणाला. "तू आत्ता तोंड उघडलंस तर लोक काय म्हणतील कळतंय ना?"

"काय म्हणतील?"

"भावाचं नाव फळ्यावर राहावं म्हणून."

मला हे सुचलंच नव्हतं. मी खरंच सांगते, सुचलं नव्हतं. आणि ग्लेननं म्हटल्यापासून दुसरं काही सुचत नाही. मी मन तपासून बघतेय, खिसे तपासावेत तसं. तिथे काही नाही अशी शपथ मात्र मला घेता येणार नाही.

"तू पण असं म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. मी ओरेस्टला पाहिलंसुद्धा नाही. पण ह्या घरात एक दिवस असा गेला नाही की तो जेवायला नव्हता, लोर्ना."

१६ फेब्रुवारी

सरावाच्या वेळी कोच ग्रॅनमला भेटले. चांगला माणूस आहे. लहानपणी त्याचे वडील त्याला ओरेस्टचा खेळ दाखवायला आणायचे, हे त्यानं मला दर वर्षी सांगितलंय.

मी सगळं सांगितलं. दूध, घोंगडी, उलट्या, हलणारी अक्षरं.

"चाचणी दोनदा घेतली," तो म्हणाला. "आकडे अगदी जुळतात."

"जुळणारच. ऑगस्टमध्ये त्यानं मुद्दाम वाईट दिली होती."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. नाश्ता करताना." त्यानं विचारलं आणि मी काय म्हणाले, ते मी सांगितलं नाही. जिभेवर होतं. सांगितलं नाही.

त्यानं खिडकीतून हाक मारून रेमीला बोलावलं. कर्टही आला. रेमी स्केट घालूनच आत आला, रबराच्या फरशीवर उंच दिसत होता.

"डेझी, डोकं दुखतं?"

"नाही, कोच."

"ऑगस्टमध्ये चाचणी नीट दिली होतीस ना?"

"हो, कोच." तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. रस्त्यात हात सोडला तर लहान मूल बघतं तसं.

ग्रॅनमनं त्याला परत पाठवलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. आवाज मऊ केला. "लोर्ना, तो फळा तुझ्यासाठी काय आहे मला ठाऊक आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही जड गेलं असतं."

मी बसले नाही.

१८ फेब्रुवारी

रेमी गेला. व्होगेल कुटुंबाकडे राहणार, दोन गल्ल्या पलीकडे. पिशव्या दाराशी ठेवून उभा होता.

"मी तुमचं काय वाईट केलं होतं?" म्हणाला.

"काही नाही. तुझं डोकं..."

"तुम्हीच म्हणालात ना, सगळेच देतात."

तो मोजे विसरला होता, आईनं विणलेले. मी आणून दिले. "थँक यू, मिसेस फ्रिजन," म्हणाला.

२१ फेब्रुवारी

किराणा दुकानात गल्ल्यावरची शर्ली, माझ्या वर्गातली, बटाटे वजनाला ठेवताना म्हणाली, "काय गं, फळा घरी घेऊन जाणार म्हणे? लिव्हिंग रूममध्ये मावेल का?"

मागे रांगेत दोघं हसले. मी म्हटलं, "भिंत मोजून सांगते." हसू बरोबर वेळेला आलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, बटाटे गल्ल्यावरच राहिले.

आईकडे गेले. तिला विचारलं, ओरेस्टचं डोकं दुखत होतं का गं? ती आज ताळ्यावर होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ट्रक घसरला." मग खिडकीकडे तोंड केलं.

६ मार्च

लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

साडेतीनला मागचं दार उघडलं. रेमी. बूट काढले, भुसभुशीत बर्फ झटकलं, येऊन टेबलाशी बसला. "आज काय आहे, बॉस? पोटात कावळे ओरडताहेत."

मी अठ्ठावीस दिवस त्याच्याशी बोलले नाहीये असं वाटत होतं, सतराच झालेत. तो हसत होता. राग कुठेच नव्हता. मला वाटलं, माफ केलं. मी कालचं सूप गरम केलं, पाव कापला. त्यानं गणिताच्या सरांची नक्कल केली. मटार बाजूला काढले. मी त्याच्यासमोर बसले होते, हनुवटीखाली हात घेऊन, आणि अर्धा तास मला काही म्हणजे काही नको होतं.

मग तो जॅकेट अडकवायला उठला. त्याच्या खुंटीवर ग्लेनचा कोट होता. तो जॅकेट हातात धरून उभा राहिला. तळघराच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"मी इथे राहत नाही ना आता?" म्हणाला.

"नाही, बाळा."

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली, बूट घातले, उलटसुलट घालून पुन्हा बरोबर घातले. दारात म्हणाला, "कोणाला सांगू नका हं."

मला आधीच कळायला हवं होतं. तो दार उघडून हसला, त्या क्षणीच. कळलंही असेल. मी सूप गरम केलं.

७ मार्च

कर्टला फोन केला. म्हणाला, "मुलं घर चुकतात, मिसेस फ्रिजन, सवयीनं." गावातल्या डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, पेशंट स्वतः यायला हवा किंवा त्याची आई. संघाची परवानगी असली तर उत्तम. भिंतीवर रेमीचा सही केलेला फोटो होता.

१० मार्च

त्रेपन्न.

मी गेले होते, सर्वांत वर, मागच्या रांगेत. पास त्याच्या स्टिकवर आला आणि स्टिकनं जे करायचं ते केलं. जाळी हलली, भोंगा वाजला, तीन हजार माणसं उभी राहिली. रेमीनं हात वर केले नाहीत. त्यानं वर गुणफलकाकडे पाहिलं, काय झालं ते वाचायला. मग पोरं त्याच्या अंगावर पडली.

शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "किती साधं पोरगं, बघा. जराही माज नाही."

१२ मार्च

आज यवॉनला फोन लावला. तीन आठवडे लावतेय आणि शेवटचा आकडा दाबायच्या आधी ठेवतेय. आज दाबला.

तिनं मला बोलूच दिलं नाही. शनिवारी शेवटचा सामना, शाळेची बस भाड्यानं घेतलीय, एकेचाळीस माणसं येताहेत. सत्त्याऐंशी वर्षांची आजी येतेय, तिनं तळ्याच्या पलीकडचं गाव कधी पाहिलेलं नाही. गावातल्या बायकांनी मिळून त्याच्यासाठी मण्यांचं जाकीट शिवलंय, हिवाळाभर. चोपन्नावा गोल झाला की घालायचं.

"हे सगळं तुझ्यामुळे," ती म्हणाली. "फोनवर सांगतो ना तो, बॉस अशी करते, बॉस तशी करते. आम्ही आधी तुझ्याकडेच येणार. कॉफी ठेव."

म्हणजे त्यानं तिला सांगितलंच नाही, घर बदलल्याचं. मी म्हटलं, ठेवते.

१६ मार्च

परगावी सामना. गोल नाही. रेडिओवाला म्हणाला, उद्यासाठी राखून ठेवलाय. ग्लेन विचारतो, तू उद्या काय करणार आहेस? मी म्हटलं, मफिन.

१७ मार्च

सकाळचे दहा. कॉफी तयार आहे. मफिन झाले. सामना दोनला.

रात्रभर वाक्यं जुळवली आणि मोडली. आधी तिला ते सांगायचं जे ग्रॅनमला सांगितलं नाही: की तुझ्या पोरानं मला विचारलं होतं, आणि मी अंडी परतत 'सगळेच देतात' म्हणाले. मग बाकीचं. मग ओरेस्टचं, बर्फ नव्हतं तेही. मी ते आजवर कुणापाशी मोठ्यानं बोललेले नाही, ग्लेनपाशीसुद्धा.

ती नाही म्हणणार. तिच्यामागे दारात एकेचाळीस माणसं असतील, एका बाईच्या हातावर ते जाकीट असेल. कुणीतरी तिला शर्लीसारखं सांगेलच, ही बाई कोण, फळ्यावर नाव कुणाचं. रेमी तिला सांगेल, मला काही होत नाही, आणि तो तिचा मुलगा आहे, माझा नाही. तिच्या जागी मी असते तर मला ढकलून आत आले असते आणि कॉफीही घेतली नसती. नंतर ह्या घरात पुन्हा कुणी पोरगं ठेवणार नाही, हे धरून चालते.

बस वळली. पिवळी आहे, बाजूला त्याचा नंबर रंगवलाय. पुढच्या दारातून यवॉन उतरतेय, हात हलवतेय. वही इथेच उघडी ठेवून जाते, म्हणजे दारात शब्द विसरले तर परत येऊन वाचता येतील.

यवॉन, आज त्याला खेळू देऊ नकोस. आत्ता जा, त्याला त्या बसमध्ये बसव आणि घरी घेऊन जा.